हौदातला मुरघास

माझा धाकटा दीर कुशाबा याला गोठ्याचा वास सहन होत नाही. गवळ्याच्या पोटी जन्मला, म्हशीच्या धारेखाली तोंड धरून वाढला, आणि आता गोठ्याच्या दारात आला की धोतराचा सोगा नाकाला लावतो. लालबागला सायकलींचं दुकान टाकलं तेव्हापासून त्याला ही बाधा झाली. मी त्याला एकदा सांगितलं, नाक एवढं नाजूक झालं असेल तर काढून दुकानात टांग, घंटी म्हणून खपेल.

आमचा गोठा परळला, चाळीच्या मागच्या अंगाला. सासऱ्यांच्या वेळी तिथे म्हशींची दावण होती आणि परळ-नायगावचं निम्मं दूध आमच्या घरचं होतं. खोटं वाटत असेल त्याने जुन्या माणसांना विचारावं. पुढे सरकारने शहरातल्या म्हशी गोरेगावला हलवल्या. बाकीचे गवळी मुकाट्याने गेले. मला कोणी ऊठ म्हटलं की मी मांडी घालून बसते. मी म्हशी विकल्या आणि सहा गाई ठेवल्या. गाईचं दूध थोडं, पण गिऱ्हाईक पक्कं. ज्या घरात तान्हं पोर आहे, ज्या घरात दुखणाईत माणूस आहे, ती घरं गाईच्या दुधावर चालतात, आणि ती घरं माझ्याशी मान खाली घालून बोलायची.

गाई चरायला शिवडीला जायच्या, खाडीकडच्या टेकडीवर. आमचा गुराखी भिवा सकाळी घेऊन जायचा, संध्याकाळी आणायचा. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत तिथे गवत असतं. मग टेकडी पिवळी पडते, गाई दगड चाटून परत येतात, आणि नुसत्या कडब्यावर दूध निम्मं होतं. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी पौषात तेच झालं. दूध पुरेना म्हणून रतीबाची घरं एकेक करून तुटली. पाणी घातलं असतं तर पुरलं असतं, पण तसलं दूध विकणारीच्या घरात मी सून म्हणून आले नव्हते.

कुशाबाला हेच पाहिजे होतं. गोठ्यात निम्मा वाटा त्याचा, निम्मा माझ्या नवऱ्यामागे माझा. गाई काढून जागा टायरच्या गोदामाला भाड्याने द्यायची असं त्याच्या मनात केव्हापासून होतं. त्याने भाऊकी बसवली. भाऊकीत नाना सगळ्यात वडील, त्यांनी निवाडा केला: येत्या वर्षी होळीपर्यंत रतीब टिकला तर गाई राहतील आणि कुशाबाने पुन्हा विषय काढायचा नाही. रतीब तुटला तर गाई कल्याणच्या बाजारात. मी चारचौघांत हो म्हटलं. नाही म्हणायला मला लाज वाटली असती.

आता माझ्या सुनेबद्दल. नलू तिचं नाव. माझ्या चिंतामणीला ही खडकीची मुलगी मीच करून आणली, त्यामुळे तक्रार कोणाकडे करू. तिचा बाप खडकीला लष्कराच्या डेअरीत गाई सांभाळायचा. गोऱ्या साहेबांची डेअरी. तिथल्या गाई घड्याळावर उठायच्या आणि घड्याळावर बसायच्या, असं ती सांगायची. मी म्हणायचे, आणि तू मात्र ऊन आल्यावर उठतेस. ती उलट बोलायची नाही. नुसती बघायची. उलट बोलणारी सून परवडते, बघणारी परवडत नाही.

श्रावणात एकदा भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, आत्याबाई, आत्ता हिरवं गवत उदंड आहे, ते मुरवून ठेवलं तर पौषात गाईंना पुरवणी होईल. दिवसा चरून यायचं आणि वर हा मुरघास. तिच्या बापाकडे दरसाल करायचे. हिरवा चारा बारीक कापायचा, खड्ड्यात दाबून दाबून भरायचा, गुळाचं पाणी शिंपडायचं आणि वरून असा लिंपायचा की वारा शिरता कामा नये. दोन-तीन महिन्यांनी उघडायचा.

मी म्हटलं, माणसांना लोणचं घालता येईना तुला, आता गाईंना घालतेस.

पण मी विचार केला. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आणि त्याच दिवशी कुशाबा येऊन हसून गेला, म्हणाला, सून गवताची पुरणपोळी करणार म्हणे. झालं. त्याच्या हसण्यावर मी खड्डा मंजूर केला.

खड्डा खणायची गरज पडली नाही. गोठ्याच्या मागे एक जुना हौद होता, कोणे एके काळी तिथे व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे पाणी प्यायचे. भिवाने टेकडीवरचं गवत भारे भारे आणलं, मी हिरवी ज्वारी विकत घेतली, नलूने आणि मी कोयत्याने तुकडे केले. हौदात उतरून आम्ही दोघींनी तुडवलं. ती मला म्हणाली, कोपऱ्यात नीट दाबा आत्याबाई, तिथेच वारा राहतो. मी त्या कोपऱ्यावर अशी नाचले की दगड असता तर पीठ झालं असतं. ताडपत्री, माती, शेण, वर दगड. कुशाबा बघून म्हणाला, कबर छान बांधली. मी म्हटलं, माप तुझंच घेतलंय.

दिवाळी झाली. हौदाच्या बुडाशी एक तडा होता, तिथून तपकिरी पाणी झिरपायला लागलं आणि गटारातून चाळीच्या तोंडापर्यंत गेलं. वास असा, की ताडीत चिंच कोळावी. राज्यात दारूबंदी होती. परळात हातभट्टी कुठे नव्हती ते विचारा, पण माझ्या दारात नव्हती. चाळीतल्या बाया नाक मुरडून जायला लागल्या आणि त्यांचे नवरे मात्र आमच्या मागच्या अंगाला उगाच रेंगाळायला लागले.

त्यात चिंतामणी घरात नाही. कार्तिकात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेला, त्याच्या गिरणीतली सगळी पोरं गेली होती, हा पोलिसांच्या हाती लागला आणि आत बसला. घरात दोन बाया आणि सहा गाई.

एका दुपारी हवालदार आला, बरोबर दोन शिपाई. गटाराचा माग काढत थेट हौदापाशी. आणि गल्लीच्या तोंडाशी कुशाबा सायकल धरून उभा. सायकलचं काय तपासत होता देव जाणे, हवा तर त्याचीच गेली होती.

हवालदार म्हणाला, हे फोडा. मी हौदावर चढून बसले.

"पोरगा आत घातलात, आता गवताला बेड्या घाला," मी म्हटलं. "घाला. पण आधी मला उचला. बघू कोण उचलतं."

एक शिपाई पुढे आला आणि माझं वजन नजरेने तोलून परत मागे गेला. चाळीच्या गॅलऱ्या भरल्या. त्या दिवसांत पोलीस म्हटला की गिरणगावाचं डोकं फिरायचं, कोणीतरी वरून घोषणा दिली, कोणीतरी बादली वाजवली. हवालदाराला घाम फुटला. लिंपण फोडलं असतं तर वारा शिरून सगळा चारा कुजला असता, हे त्याला काय ठाऊक. आणि मी त्याला समजावणार नव्हते. पोलिसाला समजावायचं म्हणजे त्याला मान द्यायचा.

नलू मुकाट्याने पहार घेऊन आली. बाजूने एका ठिकाणी पहार खुपसली, भोकात हात घातला, मूठभर काढलं आणि हवालदाराच्या हातावर ठेवलं. दुसऱ्या हाताने लगेच ओल्या शेणाचा गोळा भोकात दाबला. हवालदाराने वास घेतला, चोळून पाहिलं. कुठल्यातरी गावचा शेतकऱ्याचा पोर असणार, त्याच्या तोंडावरची वर्दी क्षणभर उतरली.

"चारा आहे हा," तो म्हणाला. मग कुशाबा उभा होता तिकडे वळून म्हणाला, "कोणी सांगितलं हातभट्टी म्हणून?"

गल्लीच्या तोंडाशी सायकल नव्हती.

मी हौदावरून उतरले आणि नलूला म्हटलं, एवढं येत होतं तर मला तिथे बसू कशाला दिलंस. ती म्हणाली, तुम्ही बसलात म्हणून ते थांबले. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

संक्रांत झाली आणि रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीकडे राहणार. गिरणगाव पेटलं. गोळीबार झाला, मग कर्फ्यू. परळहून शिवडीला माणूस जाऊ शकेना, गाई कुठून जाणार. भिवा त्याच्या खोलीत अडकला. कडब्याच्या गाड्या बंद. गाई दावणीला उभ्या राहून माझ्याकडे बघत हंबरायच्या, जणू मीच मुंबई दिल्लीला दिली.

आम्ही हौद उघडला. वरचा थर काळा पडला होता, तो नलूने काढून टाकला. खाली पिवळट हिरवा, ओलसर, ऊन-ऊन चारा, वास आंबटगोड. चंद्री म्हणून माझी वडील गाय, फार नखऱ्याची, तिने एकदा हुंगलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड खुपसलं ते टोपली रिकामी होईपर्यंत काढलं नाही. दूध कमी व्हायचं ते झालं नाही. उलट दोन दिवसांनी भांडं भरून वर फेस आला. कर्फ्यू थोडा वेळ उठायचा तेव्हा मी स्वतः डोक्यावर कासंडी घेऊन रतीब पोचवला. गोळ्यांच्या दिवसांत मी एक घर चुकवलं नाही.

आणि त्याच दुधाने माझं नाक कापलं.

आमच्यात एक रीत आहे. गाईच्या तोंडाला घास दिल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही. आधी तिला द्यायचं, मग तिच्याकडून घ्यायचं. माझ्या सासूने मला हे पहिल्या दिवशी शिकवलं. मी नववधूच्या हिरव्या चुड्यात धारेला बसले तेव्हापासून घास माझ्या हातचा आणि धार माझ्या हातची. गवळ्याच्या घरात धारेचा पाट म्हणजे सिंहासन. नलूला मी गोठा झाडू दिला, चारा कापू दिला, पाटावर बसू दिलं नाही. तर रीतीप्रमाणे मी मुरघासाचा घास द्यायचे, टोपली पुढ्यात ठेवायचे आणि त्याच हाताने धार काढायचे.

दुधाला वास लागला. आधी मला कळलं नाही, मी त्या वासातच वावरत होते. राजलक्ष्मीबाईंना कळलं. दादरचं माझं रतीबाचं घर, कारकुनाचं खानदान, नातू तीन महिन्यांचा. कर्फ्यू उठल्यावर त्या स्वतः लोटी घेऊन परळला आल्या आणि चाळीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"जाईबाई, हे दूध तापवलं की घरात गुत्ता उघडल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "पोर तोंड फिरवतं. आम्ही बामणाघरची माणसं, आम्हाला हे नको."

मी म्हटलं, गुत्त्याचा वास बामणाघरी ओळखता येतो हे मला नवीन आहे. म्हणायला म्हटलं, पण त्यांच्यामागे आणखी चार घरं परत आली. हवालदार येऊन गेल्याची गोष्ट दादरपर्यंत पोचली होती, ती कोणाच्या सायकलवरून गेली ते सांगायला नको. गाई दारू पितात असं पोरं गल्लीत गायला लागली.

कुशाबा संध्याकाळी आला, सोगा नाकाला. म्हणाला, वहिनी, होळीपर्यंत थांबायचं कारण उरलं नाही. उद्या सकाळी नानांना आणतो आणि कल्याणच्या दलालाला पण. रतीबाची घरं दूध घेतात की नाही, नानांच्या समोर विचारू. नाही म्हणाली तर दावी तिथेच सोडू.

तो गेल्यावर नलू बोलली. आत्याबाई, मुरघास धारेच्या वेळी गोठ्यात आणायचाच नसतो. दूध वास ओढून घेतं. धार झाली, भांडं बाहेर गेलं, की मग घालायचा. आणि तो हात कासेला लावायचा नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सांगितलं असेल. माझ्या गोठ्यात सांगायचं तर मोठ्याने सांगावं.

मी म्हटलं, म्हणजे घास न देता धार काढू? मोकळ्या हाताने? तुझ्या गोऱ्या साहेबाची रीत असेल ती, भिकाऱ्यासारखी आधी घ्यायची. ती म्हणाली, रीत तुमची ठेवा, गाई दलालाच्या. आणि आत जाऊन तांदूळ निवडायला लागली. एवढं तोंड तिला फुटलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

सकाळी गोठा सडा घातलेल्या अंगणासारखा स्वच्छ होता. मुरघासाची टोपली नलूने हौदाकडे झाकून ठेवली होती. मी हात राखेने घासले, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने. नाना खाटेवर बसले. दलाल गाईंच्या शिंगांकडे बघत होता, जशी काही ती त्याने आधीच विकली. राजलक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून दारात. कुशाबाने त्यांना टांग्यातून आणलं होतं, त्याला दुकानातून उठायला कधी सवड नसते, पण त्या दिवशी होती.

मी पाटावर बसले. चंद्रीच्या पुढ्यात कोरड्या गवताची मूठ धरली, म्हटलं रीत तर मोडायची नाही. चंद्रीने ती हुंगली आणि तोंड फिरवलं. तिला माझ्या हातून तो आंबट चाराच हवा होता. मी कासेला हात लावला. तिने दूध चोरलं. आचळ माझ्या हातात, आणि चरवीत थेंब नाही. मी चुचकारलं, मी तिच्या आईची नावं घेतली. तिने मान वळवून माझ्या मोकळ्या हाताकडे बघितलं आणि पाय झाडला. चरवी लोळत नानांच्या खाटेखाली गेली.

दलाल म्हणाला, आटली वाटतं. आटलेल्या गाईचा भाव वेगळा.

कुशाबा हसला नाही. त्याने पुढे होऊन चंद्रीच्या दाव्याची गाठ हातात धरली.

माझा हात त्या गाईला ठाऊक होता. माझा हात म्हणजे घास. इतकी वर्षं मीच तिला शिकवलं, आणि आता घास नसलेला माझा हात तिला चोराचा वाटत होता. दुसरी गाय धरली असती तर तिनेही हेच केलं असतं. सहाही माझ्याच हातच्या. गोठ्यात एकच हात असा होता ज्याने कधी घास दिला नव्हता, म्हणून ज्याच्याकडून गाय काही मागणार नव्हती. आणि तो हात भिंतीला टेकून उभा होता, बघत.

मी उठले. चरवी खाटेखालून काढली, पाण्याने विसळली आणि नलूच्या अंगावर ढकलली.

"बस," मी म्हटलं. "शहाणी ना तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पाटावर?"

"मग काय माझ्या डोक्यावर?"

नलू बसली. लुगड्याचा काष्टा नीट केला, हात पाण्यात बुडवले, चंद्रीच्या मांडीला कपाळ टेकवलं आणि काहीच केलं नाही, नुसती कास चोळत राहिली. बोलली नाही, चुचकारलं नाही. चंद्रीने एकदा वळून हुंगलं. तिथे काही मिळायचं नाही हे तिला कळलं. आणि मग तिने पान्हा सोडला. चरवीच्या बुडावर पहिली धार वाजली तेव्हा मी दलालाच्या तोंडाकडे बघत होते. नलूच्या हाताकडे बघायची मला इच्छा नव्हती.

चूल मीच पेटवली. दूध सगळ्यांच्या देखत तापवलं, राजलक्ष्मीबाईंच्या नाकाखाली पातेलं धरलं. त्यांनी पदर काढला, वास घेतला, पुन्हा घेतला, बोट बुडवून चाटलं.

"हे ठीक आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पाठवा. पण सुनेच्या हातचंच पाठवा, जाईबाई."

असं त्या माझ्या गोठ्यात, माझ्या चुलीपाशी उभ्या राहून म्हणाल्या. मी पातेलं त्यांच्या लोटीत ओतलं आणि एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. बाकीची चार घरं त्यांच्यामागून आली.

नाना खाटेवरून उठले. कुशाबाच्या हातातलं दावं त्यांनी सोडवून घेतलं आणि म्हणाले, होळीपर्यंत असं ठरलंय, होळीपर्यंत या गल्लीत यायचं नाही. दलालाला कल्याणहून आल्याचं भाडं मागायचं होतं, तो कुशाबाच्या मागे गेला. होळी आली आणि गेली. रतीब टिकला. कुशाबा आता दिवाळीला सुद्धा येत नाही, त्याबद्दल मी देवाला नारळ फोडला.

चिंतामणी सुटून आला तेव्हा आई जमिनीवर उभी आणि बायको पाटावर बसलेली बघून तो दारातच थबकला. मी त्याला म्हटलं, बघतोस काय, महाराष्ट्र होईल तेव्हा होईल, गोठ्यात राज्य बदललं.

नलू धार काढते. मला ते आवडत नाही. तिचा फेस पातळ असतो आणि शेवटची धार ती पुरती पिळत नाही, असं मी तिला रोज सांगते. गाईंना आधी द्यायची आमची रीत मोडली, याचा जाब मला वर गेल्यावर सासूला द्यावा लागणार आहे, तो मी देईन, त्यात नलूला ओढणार नाही. माझं काम आता हौदाकडे. धार संपली, भांडी बाहेर गेली, की नलू गोठ्यातून हाक मारते, आत्याबाई, आणा आता. मग मी टोपली भरून नेते.

मी तिला दोनदा हाक मारायला लावते. पहिल्या हाकेला धावायला मी काही तिची सून नाही.